पाणी असलेल्या स्पिरिटवर लहान पेट्रोल इंजिन चालवताना

औसा तालुक्यातील एका शेतकरी गटाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गटाकडे पेट्रोलवर चालणारा एक चार-स्ट्रोक पाण्याचा पंप, पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर चालणारा एक जुना पंपसेट आणि फवारणीचे दोन-स्ट्रोक पंप आहेत. त्यांना रीतसर परवान्याने जे स्पिरिट, म्हणजे इथेनॉल हे अल्कोहोल, मिळू शकते ते ९० ते ९५ टक्क्यांचे आहे, म्हणजे उरलेले पाणी आहे. अशा स्पिरिटवर ही इंजिने चालतील का, पाण्यामुळे ती खराब होतील का, चुनकळी टाकून पाणी काढून घ्यावे का आणि कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागात, नेमके काय बदलावे, असे त्यांनी विचारले आहे.

आधी उत्तर सांगतो, कारणे मागाहून देतो. चार-स्ट्रोक इंजिन ९० ते ९५ टक्क्यांच्या स्पिरिटवर चांगले चालते आणि त्यासाठी पाणी काढण्याची गरज नाही. इंजिनाला त्रास होतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी: इंधनाची ताकद (स्पिरिटची टक्केवारी) दर खेपेस वेगळी असते, जेट (कार्ब्युरेटरमधील इंधन सोडणारे बारीक छिद्राचे पितळी तोंड) पेट्रोलचाच ठेवलेला असतो, किंवा काम संपल्यावर स्पिरिट कार्ब्युरेटरमध्ये तसेच साठून राहते. ही तीन कारणे दूर केली की पाच-दहा टक्के पाण्याने काही बिघडत नाही. दोन-स्ट्रोक फवारणी पंपाची गोष्ट वेगळी आहे. त्याविषयी शेवटी लिहितो.

कायद्याची बाजूही आधीच स्पष्ट केलेली बरी. स्पिरिट कितीही टक्क्यांचे असो, ते गाळणे, बाळगणे आणि वाहून नेणे हे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली येते आणि त्याचे परवाने राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. शेतात मळीची किंवा मोहाची भट्टी लावून इंधन तयार करण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने तो सोडून द्यावा. विकृत केलेले, म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले स्पिरिट विषारी असते. ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. कॅनवर मोठ्या अक्षरांत तसे लिहावे आणि कॅन कुलपात ठेवावा. रंगाच्या दुकानात थिनर किंवा स्पिरिट म्हणून मिळणाऱ्या द्रवात पुष्कळदा मिथेनॉल असते. ते अंगावर सांडले किंवा त्याची वाफ श्वासात गेली तरी अपायकारक असते, आणि त्याला लागणारे हवेचे प्रमाणही वेगळे आहे. या उत्तरातला एकही आकडा मिथेनॉलला लागू पडत नाही.

आता पाण्याविषयी. इथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण साध्या ऊर्ध्वपातनाने कितीही वेळा गाळले, तरी ते वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर येऊन थांबते. त्या प्रमाणाचे मिश्रण ७८.२ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याच्या वाफेत पाण्याचे प्रमाण द्रवाइतकेच असते, म्हणून पुढे वेगळे होणे थांबते. उरलेले पाणी काढण्यासाठी कारखान्यात मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषून घेणारे सच्छिद्र दाणे) वापरतात आणि त्यात आणखी ऊर्जा खर्च होते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी ९९.५ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल लागते, कारण तेथे पाण्याने इंधनाचे दोन थर पडण्याचा धोका असतो. नुसते स्पिरिट जाळताना हा धोकाच नसतो. ब्राझीलमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या इथेनॉल कार्यक्रमातून १९७९ मध्ये केवळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारी बाजारात आल्या, आणि तेव्हापासून तेथील पंपांवर वजनाने सुमारे ९३ टक्के इथेनॉल व बाकी पाणी असलेले इंधन विकले जाते. तेथे मोटारसायकलीही त्यावर चालतात. वजनाने ९३ टक्के म्हणजे आकारमानाने ९५ टक्क्यांहून थोडे जास्त, म्हणजे आपल्याकडील रेक्टिफाइड (गाळून शुद्ध केलेल्या) स्पिरिटच्या जवळपासचे इंधन झाले. तेव्हा गटाने चुनकळी आणून, ती स्पिरिटमध्ये भिजत ठेवून, गाळून घेण्याचा खटाटोप करू नये. त्या प्रक्रियेत उष्णता निर्माण होते, ज्वालाग्राही वाफ उघड्यावर येते आणि चुन्याचे बारीक कण जेटमध्ये जाऊन अडकतात. एवढे करून इंजिनाला मिळणारा फायदा नगण्य असतो.

ताकद मोजणे मात्र टाळू नये, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. २० अंश तापमानाला ९५ टक्के (आकारमानाने) स्पिरिटची घनता सुमारे ०.८११, ९० टक्क्यांची सुमारे ०.८३ आणि ८० टक्क्यांची सुमारे ०.८६ असते. बॅटरीवाल्यांचा हायड्रोमीटर येथे उपयोगाचा नाही, कारण त्याचे मोजमाप १.१ च्या पुढे सुरू होते. अल्कोहोलसाठीचा वेगळा हायड्रोमीटर लागतो आणि त्याच्यासोबत थर्मामीटर लागतो. थर्मामीटरचा आग्रह धरण्याचे कारण आपल्या उन्हाळ्यात आहे. तापमान १० अंशांनी वाढले की स्पिरिटची घनता सुमारे ०.००८५ ने घटते. एप्रिल-मे महिन्यांत लातूर, नांदेडकडे सावलीत ठेवलेला कॅनही ४० अंशांवर असतो, आणि त्या तापमानाला ९० टक्क्यांच्या स्पिरिटची घनता ०.८१२ च्या आसपास भरते. तापमान न पाहता कोष्टक वाचणारा मनुष्य ते ९५ टक्के समजून घेतो आणि त्या हिशोबाने जेट लावतो. मग भराखाली, म्हणजे लोडवर, इंजिन का मिस मारते, हे त्याला कळत नाही. कॅन सकाळी लवकर, थंड असताना मोजावा, तापमान लिहून ठेवावे आणि दुरुस्ती करूनच आकडा धरावा. ज्या कॅनचे झाकण पावसाळ्यात सैल राहिले असेल तो पुन्हा मोजावा, कारण स्पिरिट उडते आणि उरलेले हवेतील ओल शोषून घेते.

स्पिरिट पेट्रोलमध्ये मिसळून वापरावे का, असाही प्रश्न निघतो. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्येच २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यात थोडेसे पाणीदार स्पिरिट ओतले, तर गरमीत मिश्रण स्वच्छ दिसते आणि थंडीत पहाटे दुधट होऊन त्याचे दोन थर पडू शकतात. खाली बसणारा थर पाणी आणि इथेनॉलचा असतो, आणि टाकीचा कॉक तळाशी असल्याने इंजिनाला आधी नेमका तोच थर जातो. मिश्रणात इथेनॉल जितके जास्त, तितके पाणी ते धरून ठेवू शकते. म्हणून पेट्रोलमध्ये थोडे स्पिरिट घालण्यापेक्षा स्पिरिटमध्ये थोडे पेट्रोल घालणे सुरक्षित असते. स्पिरिटमध्ये ५ ते १० टक्के पेट्रोल घातले की इंजिन चालू होण्यास मदत होते. कोणतेही मिश्रण टाकीत घालण्यापूर्वी पारदर्शक काचेच्या बाटलीत करावे, ती बाटली तासभर बर्फाच्या पाण्यात ठेवावी आणि उजेडाकडे धरून पाहावी. ढगाळपणा किंवा तळाशी रेघ दिसली, तर ते मिश्रण इंजिनात जाऊ देऊ नये.

खरे काम कार्ब्युरेटरचे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे तेवढ्याच हवेत इथेनॉल सुमारे १.६ पट वजनाने जास्त द्यावे लागते. त्यात स्पिरिटमधील पाणी जळत नाही, म्हणून आणखी थोडे वाढवावे लागते. पण स्पिरिट पेट्रोलपेक्षा जड असल्याने लिटरच्या हिशोबात काही भाग परत वजा होतो. सगळे धरून ९५ टक्क्यांच्या स्पिरिटचा प्रवाह लिटरमध्ये सुमारे दीड ते १.६ पट असावा लागतो. जेटमधून जाणारा प्रवाह छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून व्यास १.६ पट करायचा नसून त्याचे वर्गमूळ घ्यायचे असते, ते १.२५ च्या आसपास येते. मूळ मेन जेट ०.७० मिलिमीटरचा असेल, तर नवा ०.८६ ते ०.९० मिलिमीटरच्या दरम्यान कुठेतरी जमतो. पेट्रोलचा जेट तसाच ठेवून स्पिरिट घातले, तर इंजिन चोक (आत येणारी हवा कमी करणारी झडप) अर्धा लावल्याशिवाय चालत नाही, कार्ब्युरेटरमधून फटके मारते आणि भर आला की बसते. पुष्कळ लोक याचा दोष पाण्याला देतात, पण दोष अपुऱ्या इंधनाचा असतो.

जेट मोठा करताना मूळ जेट जपून ठेवावा आणि दुसरा विकत आणून त्यावर काम करावे. साध्या ड्रिल मशीनने हे काम होत नाही. बारीक जेट-ड्रिल पिन-व्हाइसमध्ये (हातात धरायच्या बारीक पकडीत) धरून हाताने फिरवावा लागतो, आणि एका वेळी ०.०२ ते ०.०४ मिलिमीटरपेक्षा जास्त वाढवू नये, कारण पितळेत केलेले छिद्र पुन्हा लहान होत नाही. प्रत्येक टप्प्यानंतर इंजिन गरम करावे, पंपाला नेहमीची उंची आणि नेहमीचा पाइप देऊन पूर्ण भरावर चालवावे आणि चोकची कांडी अगदी थोडी ओढून पाहावी. कांडी ओढताच वेग वाढला आणि आवाज भरदार झाला, तर मिश्रण अजून पातळ आहे, म्हणजे त्यात इंधन कमी आहे, आणि जेट आणखी वाढवावा. वेग किंचित घटला, तर जेट योग्य जागी आला आहे. गव्हर्नर (वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा) असलेल्या इंजिनात ही पारख बिनभाराने करू नये. गव्हर्नर थ्रॉटल, म्हणजे मिश्रणाची झडप, उघडझाक करून खरी स्थिती झाकून टाकतो. प्लगचा रंग पाहून मिश्रण ओळखण्याची सवय येथे कामाची नाही. स्पिरिटवर काजळी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे मिश्रण बरोबर असले तरी प्लग पांढरट, स्वच्छच दिसतो, आणि पेट्रोलच्या सवयीने पाहणारा फिटर उगीच जेट वाढवत बसतो.

मेन जेटइतकेच महत्त्वाचे, पण नेहमी विसरले जाणारे तीन भाग आहेत. पायलट जेट त्याच प्रमाणात वाढवला नाही, तर इंजिन मंद गतीवर टिकत नाही. वाटीत तरंगून इंधनाची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या सुईचे सीट दीडपट प्रवाह देऊ शकते का, हे पाहावे लागते. कॉक उघडून, फ्लोट खाली धरून, मिनिटभरात किती इंधन येते ते मापात घेतले की हे कळते. तिसरा भाग फ्लोटची उंची. स्पिरिट जड असल्याने फ्लोट त्यात थोडा वर तरंगतो, सुई लवकर बंद होते आणि वाटीतील पातळी थोडी खाली राहते. फ्लोटची जीभ किंचित वाकवून पातळी मूळ जागी आणावी लागते.

आता चालू होण्याचा प्रश्न. इथेनॉलची वाफ होण्यास किलोमागे सुमारे ८५० ते ९०० किलोज्यूल उष्णता लागते, पेट्रोलला साडेतीनशेच्या आसपास, आणि पाण्याला २२०० हून जास्त. त्यात इंधनही जास्त द्यावे लागत असल्याने, तेवढ्याच हवेसाठी शुद्ध इथेनॉलला पेट्रोलच्या सुमारे चौपट आणि पाणीदार स्पिरिटला सुमारे पाचपट उष्णता लागते. ही उष्णता आत येणाऱ्या हवेतून आणि धातूतून घेतली जाते. पावसाळ्यात स्पिरिटवर भराने चालणाऱ्या पंपाच्या कार्ब्युरेटरखाली हात लावून पाहिला, तर तो बाहेरून ओला आणि बर्फगार लागतो. इथेनॉलचा ज्वलनबिंदू १३ अंशांच्या आसपास असल्याने त्याखालच्या तापमानात पेटण्याइतकी वाफच होत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात हा प्रश्न उद्भवत नाही, पण परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांखाली उतरतो, आणि तेव्हा नुसत्या स्पिरिटवर दोरी ओढत बसणे व्यर्थ असते. ब्राझीलच्या जुन्या मोटारींत याच कारणासाठी पेट्रोलची छोटी वेगळी टाकी असे. गरम एक्झॉस्टची उष्णता इनटेक पाइपपर्यंत येईल असा पत्र्याचा आडोसा केला, तर चालू झाल्यानंतरचा अडखळता काळ बराच कमी होतो; मात्र तो पत्रा टाकी आणि इंधननळीपासून दूर असावा.

म्हणूनच गटाच्या तीन यंत्रांपैकी प्रयोगाची सुरुवात पेट्रोल-रॉकेल पंपसेटपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला पेट्रोलचा लहान कप्पा, मोठी टाकी आणि दोन बाजूंना फिरणारा कॉक मुळातच असतो. रॉकेल सहज उडत नाही, म्हणून इनटेकला गरमी देण्याची सोयही अशा इंजिनांत बऱ्याचदा केलेली असते, आणि स्पिरिटला नेमकी तीच हवी असते. मोठ्या टाकीत स्पिरिट घालावे, पेट्रोलवर चालू करावे, हेड हाताला गरम लागू लागले की कॉक फिरवावा. स्पिरिटसाठी जेट मोठा केलेला असल्याने पेट्रोलवर मिश्रण फार दाट होते. थंडीत चालू करताना ते चोकचेच काम करते, पण गरम इंजिन त्यावर धूर सोडते आणि अडखळते, म्हणून त्या स्थितीत दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. काही जुन्या कार्ब्युरेटरना मेन जेटची सुई बाहेरून फिरवता येते. तसा कार्ब्युरेटर असेल तर फारच सोयीचे. या इंजिनाची कमतरता एवढीच की रॉकेलला ठोका (मिश्रण आपोआप पेटून बसणारा धक्का) पडू नये म्हणून त्याचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) पाच-सहाच्या घरात ठेवलेले असते, आणि इथेनॉलचा मोठा गुण वाया जातो.

तो गुण म्हणजे ठोका सहन करण्याची ताकद. इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन क्रमांक १०८ च्या आसपास आहे आणि पाण्याच्या गारव्याने ही ताकद आणखी वाढते. चार-स्ट्रोक पेट्रोल पंपाचे कॉम्प्रेशन साधारण ८.५ असते, ते ११ पर्यंत नेले, तर कार्यक्षमता सात-आठ टक्क्यांच्या आसपास वाढू शकते. हेड प्लेन करून किंवा पातळ गॅस्केट घालून हे करता येते, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधील अंतर मोजल्याशिवाय लेथवाल्याकडे हेड देऊ नये. एकदा असे केले की ते इंजिन पुन्हा पेट्रोलवर भराने चालवता येत नाही, ठोका पडून पिस्टनला भोक पडू शकते. ज्या गटाला स्पिरिटचा पुरवठा वर्षभर निश्चित नाही, त्याने हेडला हात लावू नये.

टायमिंगबाबत, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी याबाबत, थोडक्यात एवढेच. या इंजिनांना फ्लायव्हीलच्या मॅग्नेटचे ठरलेले टायमिंग असते. पाच-दहा टक्के पाण्यासाठी ते बदलण्याची गरज पडत नाही. पाणी १५-२० टक्क्यांवर गेले की ज्योत हळू पसरते, ठिणगी काही अंश आधी हवी असते, आणि ठरलेल्या टायमिंगवर ताकद कमी होऊन एक्झॉस्ट तापतो. ८० टक्क्यांचे स्पिरिट गाळायला स्वस्त पडते हे खरे आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर त्याहून कितीतरी जास्त पाणी असलेल्या इथेनॉलवर चालणारे स्टोव्ह आणि कंदील तयार केले आहेत. पण बर्नरमध्ये ज्वाला सतत जळत असते, आणि इंजिनात प्रत्येक ठिणगीला मिश्रण नव्याने, क्षणभरात पेटवावे लागते. लहान, ठरलेल्या टायमिंगच्या इंजिनासाठी मी ९० टक्क्यांखालचे स्पिरिट सुचवत नाही.

खराबी कुठे होते, हा तुमच्या प्रश्नाचा सर्वांत गंभीर भाग आहे. कार्ब्युरेटरची वाटी आणि बॉडी जस्त किंवा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. जुने स्पिरिट हवेच्या संपर्काने थोडे आम्लयुक्त होते, आणि पाणी, आम्ल व क्षार एकत्र आले की या धातूंवर पांढरी, भुसभुशीत भुकटी धरते. ती सुटून जेटमध्ये बसते. ब्राझीलमध्ये याच कारणाने कार्ब्युरेटरना निकेलचा मुलामा देत. आपल्याकडे तसा मुलामा नसतो, म्हणून स्पिरिट वाटीत रात्रभर राहू न देणे हाच उपाय. पंप बंद करण्यापूर्वी कॉक पेट्रोलकडे फिरवून वाटीतील स्पिरिट संपवावे. एकच टाकी असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि वाटीचा ड्रेन स्क्रू सोडावा. निळा लिटमस कागद स्पिरिटमध्ये बुडवून लाल होत असेल, तर ते स्पिरिट इंजिनात वापरू नये. साठवणीला जाड एचडीपीई प्लॅस्टिकचा किंवा स्टेनलेस स्टीलचा कॅन घ्यावा. गॅल्वनाइज्ड पत्र्याचा ड्रम वापरू नये, कारण त्याचे जस्त स्पिरिटमध्ये उतरते.

इंधननळी साध्या पीव्हीसीची असेल तर ती काही आठवड्यांत कडक होऊन तडकते, आणि साधे रबरी सील फुगतात. दोन्ही ठिकाणी व्हिटॉनचे, म्हणजे इंधनात टिकणाऱ्या खास रबराचे, सामान वापरावे. जुन्या इंजिनात लाखेचा मुलामा दिलेला बुचाचा फ्लोट असेल, तर स्पिरिटमध्ये लाख विरघळते, बूच भिजते आणि फ्लोट बुडतो. तेथे पितळी फ्लोट बसवावा. जुन्या टाकीतील पेट्रोलचा चिकटा आणि गंज स्पिरिट सोडवून खाली आणते, म्हणून पहिल्या काही टाक्यांच्या वेळी फिल्टर रोज पाहावा लागतो.

ऑइलकडे पेट्रोलपेक्षा जास्त लक्ष द्यावे लागते. थंड सिलिंडरमध्ये न जळलेले स्पिरिट भिंतीवरील ऑइल धुऊन काढते आणि रिंगांजवळून खाली उतरते. इंजिन नीट गरम न होताच रोज थोडा वेळ चालवून बंद केले, तर हे स्पिरिट आणि पाणी ऑइलमध्येच राहते आणि डिपस्टिकवर ताकावरच्या लोण्यासारखा पांढरट थर दिसू लागतो. असा थर दिसला की तास मोजत न बसता ऑइल त्याच दिवशी बदलावे. नेहमीच्या वेळापत्रकापेक्षा ऑइल निम्म्या तासांनी बदलावे आणि दर खेपेला इंजिन किमान अर्धा तास भराने चालवावे. असे केले तर आतली ओल वाफ होऊन ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातील हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, निघून जाते.

सुरक्षिततेची एक बाब मराठवाड्याच्या हवामानाशी थेट जोडलेली आहे. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट असते की नेहमीच्या तापमानात ती टाकीच्या आत सहसा पेट घेत नाही. स्पिरिटच्या टाकीत मात्र साधारण १३ ते ४२ अंशांच्या दरम्यान वाफ आणि हवा यांचे प्रमाण नेमके पेटण्याजोगे असते, आणि आपले बहुतेक वर्ष याच तापमानात जाते. म्हणून गरम इंजिनावर टाकी भरू नये, टाकीच्या तोंडाशी बारीक पितळी जाळी असावी, आणि रात्री बॅटरीच्या उजेडातच भरावे. स्पिरिटची ज्योत फिकट निळी असते आणि उन्हात जवळजवळ दिसत नाही. गवत अचानक करपताना दिसले किंवा तोंडावर झळ आली की मगच ती कळते. भरपूर पाण्याने स्पिरिट पातळ होऊन आग विझते, त्यामुळे टाकी भरण्याच्या जागी पाण्याची भरलेली बादली हवीच. एक्झॉस्टमध्ये अॅसिटाल्डिहाइडचा उग्र वास येतो आणि डोळे चुरचुरतात, कार्बन मोनॉक्साइडही असतोच. बंद शेडमध्ये किंवा विहिरीत उतरवून इंजिन चालवू नये.

खर्चाचा हिशोब तुम्ही विचारलेला नाही, पण जेट घेण्याआधी तो करावा. ९५ टक्के स्पिरिटच्या लिटरमध्ये सुमारे २० मेगाज्यूल उष्णता असते, पेट्रोलच्या लिटरमध्ये सुमारे ३२. कॉम्प्रेशन न वाढवता एक लिटर पेट्रोलच्या जागी सुमारे दीड लिटर किंवा थोडे जास्त स्पिरिट लागेल असे धरावे. ब्राझीलमध्ये मोटारवाले साधारण असा नियम पाळतात की इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांखाली असेल तरच ते भरावे. कॉम्प्रेशन न बदललेल्या लहान इंजिनासाठी मी ६० टक्के धरतो, आणि त्यात वाहतूक, परवाना व जास्तीचे ऑइल मिळवतो. आपल्याच पंपावर, त्याच विहिरीत, एक लिटर पेट्रोलमध्ये किती मिनिटे पाणी येते आणि एक लिटर स्पिरिटमध्ये किती, हे एकाच दिवशी घड्याळ लावून पाहिले की कोणाच्या आकड्यांवर विसंबण्याची गरज राहत नाही.

राहिला दोन-स्ट्रोक फवारणी पंप. त्याचे वंगण इंधनातूनच होते, आणि नेहमीचे खनिज टू-टी (दोन-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल पाणीदार स्पिरिटमध्ये विरघळत नाही. ते तळाशी किंवा वर वेगळे होते, इंजिनाला काही वेळ नुसते स्पिरिट जाते आणि पिस्टन पकडतो. एरंडेल तेल स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून अल्कोहोलवर धावणाऱ्या शर्यतीच्या इंजिनांत ते पूर्वीपासून वापरले जाते. पण पाणी जितके जास्त, तितके एरंडेल विरघळणे कमी होते, आणि त्याचा चिकट थर रिंगांच्या खाचांत व एक्झॉस्ट पोर्टमध्ये बसतो, जो वारंवार उघडून खरवडावा लागतो. कापसाच्या फवारणीच्या हंगामात पाठीवर घेऊन चालायच्या यंत्रावर, अंगाला लागून असलेल्या टाकीत असे इंधन घालणे मला मान्य नाही. फवारणी पंप पेट्रोल आणि टू-टी ऑइलवरच चालवावेत, आणि स्पिरिटचा कॅन त्यांच्या जवळही ठेवू नये, म्हणजे घाईत तो चुकून त्यांत ओतला जाणार नाही.